रोट खाल्ला तो भाऊ

साहेब, तुम्ही खाल्लेत!

चाळीस माणसांच्या डोळ्यांदेखत खाल्लेत, मांडी घालून खाल्लेत, वर तूप मागून घेऊन खाल्लेत! आणि परवा मी कचेरीत आलो, तर चष्म्यावरून बघत विचारता काय, "कोण आपण? काय काम आहे?" कोण मी? सांगतो! छापून सांगतो!

पण आधी वाचकांचा गैरसमज काढतो. "साहेबांनी खाल्लं" म्हटलं की आमच्या जळगावात शेंबडं पोरसुद्धा साहेबाच्या खिशाकडे बघतं. ते खाणं मी म्हणत नाही. ते मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं मी लिहीत नाही. मी म्हणतो ते तोंडाने खाल्लेलं. दातांनी चावून, ढेकर देऊन! साहेबांचं नाव मात्र लिहिणार नाही. लढाईच्या दिवसांत ज्या कचेरीत गहूही कंट्रोलचा आणि रिकामी घरंही कंट्रोलची, तिथले ते साहेब. एवढं पुरे. ज्याच्या पोटात गेलं त्याला कळेल.

झालं असं, की मला माझा भाडेकरू जाऊ द्यायचा नव्हता.

हसू नका! जगात सगळे घरमालक भाडेकरू निघत नाही म्हणून रडतात, आणि हा वना पाटील भाडेकरू निघतो म्हणून रडत होता. कारण ऐका. पिंप्राळ्यात माझी पाठीला पाठ लावून दोन घरं. मागच्यात मी राहतो. पुढचं नवं, चार खणांचं, मी स्वतः माती तुडवून बांधलेलं. ते माझ्या प्रमिलेसाठी. जावई रेल्वेत, दिवाळीनंतर त्याची जळगावला बदली ठरलेली, लेक डोळ्यांसमोर राहायला येणार. तोपर्यंत घर उघडं राहू नये म्हणून इंदरचंद शेठ नावाच्या किराणा दुकानदाराला दिलं. भाडेचिठ्ठी दिवाळीच्या पाडव्यापर्यंतची. एका दारातून शेठ बाहेर, दुसऱ्या दारातून लेक आत, असा माझा बेत! मधे एक दिवससुद्धा घर रिकामं राहायला नको होतं.

कारण रिकामं घर दिसलं की सरकार ते ताब्यात घेई. धुळ्याला माझ्या मेहुण्याचा भाडेकरू सोडून गेला, आणि तिसऱ्या दिवशी दाराला सरकारी कुलूप! आज त्याच्या देवघरात ज्वारीची पोती आहेत, पोत्यांवर शिपाई झोपतो, आणि मेहुणा स्वतःच्या घराच्या ओट्यावर उभा राहून देवाला बाहेरूनच हात जोडतो.

आणि अशात श्रावण लागायला इंदरचंद शेठ माझ्यासमोर हात जोडून उभे!

"पाटील, एक विनंती होती."

"बोला की शेठजी."

"पुढच्या रविवारी आम्ही निघतो. धाकट्या भावानं धुळ्याला दुकान मांडला. एकट्याला जमत नाही त्याला."

"निघतो? अहो, चिठ्ठी पाडव्यापर्यंतची आहे!"

"आहे ना. म्हणून तर हात जोडले."

भांडणारा भाडेकरू परवडला. हा माणूस म्हणजे साजूक तूप! मुठीत धरावं तर बोटांतून ओघळतं, सोडावं तर हाताला वास राहतो. पण मीही वना पाटील! शाळा तिसरीपर्यंत, पण पुढचा सगळा कायदा मी पेठेतल्या चहाच्या दुकानात वर्तमानपत्र उलटं-सुलटं वाचून पाठ केलेला. मी झुंबरबाईला, म्हणजे आमच्या घरच्या सरकारला, छाती ठोकून सांगितलं, "बघ तू! पाडव्याच्या आधी हा माणूस उंबरठा ओलांडत नाही. भाडेकरू कसा धरून ठेवायचा हे साऱ्या खानदेशाने माझ्याकडून शिकावं!"

ती म्हणाली, "आधी म्हैस धरायला शिका. काल पुन्हा खुंटा उपटून गेली."

पहिला उपाय कायद्याचा. शेठजींना समोर बसवून दुपारभर करार, मुदत, नुकसानभरपाई असा कायदा ऐकवला. शेठ मान डोलावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बहुत चांगलं सांगितलं पाटील. उद्या आमच्या सायरबाईला बी सांगा. तिला दुपारची झोप येत नाही."

दुसरा उपाय भीतीचा. धुळ्याचं पाणी जड, धुळ्याचे विंचू वीतभर, धुळ्याची गिऱ्हाइकं उधारीत पुढे आणि देण्यात मागे! शेठ म्हणाले, "विंचू पिंप्राळ्यात बी आहेत. परवा तुमच्याच भिंतीतून निघाला."

मग तिसरा उपाय काढला, आणि तोच साऱ्या रामायणाचं मूळ! मायेचा. माणूस कुठून पाय काढतो? जिथे पोट भरत नाही तिथून! रोज काहीतरी करून शेठजींना खाऊ घालायचं. खाल्ल्या अन्नाला जागून तरी थांबतील.

"पोळ्याचा बैलसुद्धा पुरणपोळी खाऊन दुसऱ्या दिवशी चालायला लागतो," झुंबरबाई म्हणाली. पण केलं बिचारीने. पहिल्या दिवशी आमचं खानदेशी भरीत. हिरवी मिरची, लसूण, वरून तेलाची धार! दोन घरांच्या मधलं दार उघडून तिने ते सायरबाईंच्या स्वयंपाकघरात नेलं. सायरबाई किंचाळल्या. चातुर्मासात वांगं! आणि लसूण! ताट ठेवलं होतं ती जागा त्यांनी तीनदा धुतली. चौथ्यांदा बहुतेक माझ्या नावाने धुतली.

त्यानंतर फक्त गोड. आज शिरा, उद्या खीर, परवा पुरणाचा मांडा. झुंबरबाईने मधल्या दाराने जावं, ओट्यावर झाकून ठेवावं, आणि शेठ-शेठाणींनी दुकानातून येऊन खावं. शेठ रोज तृप्त होऊन म्हणत, "काय हो पाटील तुमचं प्रेम! निरोप द्यावा तर असा!"

निरोप! मी त्यांना बांधायला दोर वळत होतो, आणि ते त्याचा हार समजून गळ्यात घालत होते!

आला तो रविवार. आणि तो कुठला रविवार? कानबाईचा!

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, तिला लुगडं, तिच्यासाठी घर पांढरंशुभ्र. साऱ्या भाऊबंदांनी एका छपराखाली जमायचं. घराण्यातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा. म्हातारा धरायचा, पाळण्यातला धरायचा. त्या गव्हाचे रोट करायचे, पुरण घालून. ते रोट भाऊबंदांनीच खायचे! सोयऱ्याला नाही, शेजाऱ्याला नाही, एकदा लग्न झालं की पोटच्या लेकीलाही नाही. आमच्या घराण्यात आणखी एक कडक रीत आहे. पंगत बसली की रोट संपेपर्यंत कोणी उंबरठा ओलांडायचा नाही.

पारोळ्याहून, नशिराबादहून चाळीस भाऊबंद आले. माझं घर असं भरलं, की आत गेलेल्या माणसाला वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे! चुलीचा धूर, पोरांचा गोंधळ, त्यात ती म्हैस. झुंबरबाईला रोट ठेवायला जागा उरेना. पुढच्या घराचं स्वयंपाकघर मात्र लख्ख. भांडीकुंडी बांधून झालेली, शेठ आणि सायरबाई गाडीवाल्याला आणायला गेलेले. देवीला नैवेद्य दाखवून झाला, आणि पंगत मांडेपर्यंत म्हणून तिने रोटांची परात मधल्या दाराने नेली आणि ठेवली.

कुठे ठेवली? त्याच ओट्यावर! झाकून!

पंगत मांडली. उखर्डू आबा मधोमध बसले. आबा म्हणजे आमच्या भाऊबंदकीतले सर्वांत वडील. वय विचाराल तर तापी किती जुनी ते विचारा. आबांनी हाक दिली, "झुंबर, रोट आन वं!"

झुंबरबाई गेली. आणि तिकडून आरोळी आली, "आय माय वं! खाधा! रोट खाधा!"

आम्ही सगळे धावलो. मधल्या दारात पाहतो तर शेठ आणि सायरबाई जमिनीवर बसलेले, मधे परात, आणि दोघांचे डोळे मिटलेले. दुःखाने नव्हे, चवीने!

"पाटील," शेठ डोळे उघडून म्हणाले, "आजचा सगळ्यांत सरस! निघायच्या दिवशी एवढं मोठं ताट? प्रेमाला बी काही हद्द असते!"

हिलाल माझा चुलतभाऊ, पारोळ्याचा पहिलवान, तो बाह्या सरसावू लागला. बायका रडू लागल्या. परक्याने रोट खाल्ला! आता कानबाई काय करील? पाऊस नेईल? गुरं नेईल? सायरबाईंना कोणीतरी काय झालं ते सांगितलं, तशा त्यांनी हातातला अर्धा रोट पुढे धरला. "अरे राम! म्हानं कांई मालूम! ठेवू का परत?"

"उष्टा परत ठेवतीस?" हिलाल गरजला.

"मग खाऊ का?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

आबांनी काठी टेकली. शेठजींकडे वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "वना, रोट कोन खास?"

"भाऊबंद खातात, आबा."

"दुसरं कोनी खास का?"

"नाही आबा. आजवर नाही."

"मंग हाऊ कोन शे?"

आबाच काठी आपटून म्हणाले, "हाऊ भाऊ शे! रोट खाधा तो भाऊ! कानबाईले बठ्ठं समजस. तिले परका खपता ना, तर घास गळाखाले उतरता का? आते रडानं नही. येले पंगतमा बसाडा!"

काय सांगू वाचकहो! जिल्हा कोर्टात बसवावा असा निवाडा! बायका हसू लागल्या. हिलालने सरसावलेल्या बाह्यांनीच शेठजींना मिठी मारली. शेठजींची टोपी वाकडी झाली. परात होती तिथेच, पुढच्या घरात, पंगत हलवली.

"पण पाटील, म्हणजे आबासाहेब, गाडी दारात उभी आहे," शेठ गुदमरत म्हणाले. "मला धुळ्याला…"

"रोट सरनात म्हंजे जा," आबा म्हणाले. "तवलोक उंबरठा ओलांडानं नही."

माझ्या डोक्यात तेव्हा वीज चमकली! कायद्याने जो थांबला नाही, विंचवाने जो थांबला नाही, तो आता परातभर रोटांनी थांबला होता! मी झुंबरबाईकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती कपाळाला हात लावून बसली होती.

आणि नेमका त्याच वेळी, साहेब, तुमचा टांगा आला.

कोणी कळवलं तुम्हाला? मला ठाऊक आहे, पण तो वेगळा लेख आहे. दारात भरलेली गाडी बघून तुम्हाला केवढा आनंद झाला! शिपायाच्या एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात लाखेची कांडी. टांग्यातून उतरता उतरताच म्हणालात, "घर रिकामं झालेलं दिसतं. लाव रे कुलूप!"

"रिकामं?" मी आडवा झालो. "आत पन्नास माणसं आहेत साहेब!"

"ते पाहुणे. भाडेकरू कुठे आहे?"

"भाडेकरू नाही."

"मग रिकामंच की!"

"भाडेकरू नाही, भाऊ आहे. तो बघा, जेवतोय."

तुम्ही आत आलात. पंगतीत इंदरचंद शेठ, डाव्या बाजूला हिलाल, उजव्या बाजूला आबा, जसे काही तिघं एकाच पाळण्यात वाढले!

"हा तुमचा भाऊ?" तुम्ही म्हणालात. "हा इंदरचंद, आणि तुम्ही पाटील. केव्हापासून भाऊ?"

"आत्ताच झाला," शेठजींनी खरं सांगून टाकलं. व्यापारी माणूस, पण नको तिथे प्रामाणिक!

"थट्टा करता सरकारची?" तुम्ही लालबुंद झालात. संपलं! लेकीचं घर गेलं! प्रमिलेच्या देवघरात पोती आली! पण तेवढ्यात तुमची नजर परातीवर पडली. "हे काय? गहू? कंट्रोलच्या दिवसांत एवढा गहू? कुठून आणला? साठा केलाय?"

"साहेब, ती ज्वारी आहे," मी घाईने म्हणालो. हे खोटं होतं. कबूल! गहू आमच्या घरचाच, शेतातला, सणापुरता राखलेला. पण हे तुम्हाला त्या क्षणी सांगून पटलं असतं का?

"ज्वारी? मला शिकवता? आत्ता तपासतो!"

आणि साहेब, तुम्ही वाकलात. रोटाचा तुकडा मोडलात. झुंबरबाई "नका, नका!" म्हणेपर्यंत तो तोंडात गेला. डोळे बारीक करून तुम्ही चावलंत. म्हणालात, "गहूच आहे."

ठीक! पहिला घास सरकारसाठी होता, मान्य. दुसरा घेतलात तो खात्री करायला, तेही मान्य. पण तिसरा? तिसऱ्याला तुम्ही सायरबाईंच्या वाटीतलं तूप लावून घेतलंत! ती कसली तपासणी होती?

मग आबा सावकाश उठले. तुमच्याजवळ आले, आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाऊ बी भाऊ शे!"

चाळीस माणसं उठली! आणि जो गजर झाला त्याने छताच्या धाब्यावरची खारी माती खाली आली. हिलालने तुम्हालाही मिठी मारली, आणि तुमचा चष्मा इंदरचंद शेठच्या खिरीत पडला. तुम्ही ओरडत होतात, "सोडा! मी सरकारी माणूस आहे!" आबा शांतपणे म्हणाले, "सरकारी ऱ्हाय नही तर दरबारी ऱ्हाय. भाऊ उपाशी जास का? बस खाले!"

शिपाई मदतीला आला नाही. तो हुशार. रोटाकडे पाठ करून कुलूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. तेवढ्यात हिलाल उंबरठ्यावर बसला. तो बसला की दार आहे की नाही हे बाहेरच्याला कळत नाही.

मग तुम्ही जेवलात. आधी रागाने, मग नाइलाजाने, मग भुकेने! गंगाफळाची भाजी दोनदा घेतलीत. झुंबरबाईला वहिनी म्हणालात! आबांनी तुमचं गाव विचारलं, कूळ विचारलं, आणि म्हणाले, "दूरनं शे, पन आपलं शे." परात रिकामी झाली तेव्हा सूर्य कलला होता. हिलाल उंबरठ्यावरून उठला. तुम्ही उठताना दोन माणसांचा हात धरून उठलात.

आणि मी, साहेब, तो क्षण साधला! सगळ्यांच्या समोर मोठ्याने विचारलं, "भाऊ, आता सांगा. हे घर रिकामं आहे का?"

तुम्ही पोटावर हात ठेवून म्हणालात, "कुठलं रिकामं? पाय ठेवायला जागा नाही!"

शिपायाने कुलूप टांग्यात टाकलं. जिंकलो! इंग्रज सरकार एका बाजूला, वना पाटील दुसऱ्या बाजूला, आणि वना पाटील जिंकला! दुसऱ्या दिवशी कानबाई बोळवायला निघालो तेव्हा मी एवढा नाचलो की माझा जोडा नदीत गेला.

शेठजींचं काय? आबांनी त्यांना सांगितलं, "तू आते भाडाना नही. जाय, धुळे जाय. चावी तुन्हापा ठेव. भाऊनं घर भाऊनं." शेठ गेले, पण सामानाची एक पेटी ठेवून गेले, आठवड्याला एकदा येऊन दिवा लावून गेले. चिठ्ठी संपली नाही, घर मोकळं झालं नाही, सरकार आलं नाही. पाडव्याला शेठ स्वतः चावी घेऊन आले, आणि माझ्या प्रमिलेच्या हातात चावी ठेवून तिला साडीचोळी करून गेले. काका ना तिचे! आज प्रमिला त्या घरात आहे, आणि तिचं पोर मधल्या दारातून रांगत माझ्याकडे येतं. भाडेकरू हाताळावा तो असा! साऱ्या खानदेशाने शिकावं!

फक्त एक गोष्ट जरा माझ्या हिशेबात आली नव्हती.

पुन्हा श्रावण जवळ आला. आबांचा निरोप आला, घराण्यातले पुरुष मोजा, गहू काढायचे. आमचे मोजले. आणि त्याच दिवशी इंदरचंद शेठ धुळ्याहून हजर, चेहऱ्यावर आनंद मावत नाही.

"पाटीलभाऊ, आमचे बी धरा! मी, भाऊ, दोघांचे मुलगे, काका, काकांचे मुलगे, त्यांचे मुलगे… एकोणतीस झाले."

"एकोणतीस?"

"हे फक्त धुळ्यातले. मारवाडातले नंतर कळवतो. सगळे येतो म्हणतात! सायरबाईनं सगळ्यांना चव सांगितली."

या वर्षी माझ्या गव्हावर गेरवा, म्हणजे तांबेरा, पडला. घरचा गहू आमच्या चाळीस जणांनाही पुरत नाही, तिथे मारवाड कुठून पुरणार? म्हणून, साहेब, मी परवा तुमच्या कचेरीत सणाच्या गव्हाची परवानगी मागायला आलो होतो. तुमचा कारकून म्हणाला, "फक्त कुटुंबातल्या माणसांपुरता गहू मिळेल. कुटुंबात कोण कोण?" मी सगळ्यांची नावं सांगितली, आणि शेवटी तुमचं सांगितलं. कारकून हसला. तुम्ही आतून बाहेर आलात, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "कोण आपण?"

आता सरळ सांगा. तुम्ही माझे भाऊ नसाल, तर परक्याने आमच्या कानबाईचा रोट खाल्ला, तोही तूप लावून. त्याचा जाब आबा काठी घेऊन विचारायला येतील, आणि बरोबर हिलाल येईल. आणि भाऊ असाल, तर परवानगीवर सही करा, आणि हेही कळवा, कारण गहू निवडायला बायका खोळंबल्या आहेत:

तुमच्या घरात पुरुष किती? पाळण्यातला धरून सांगा! उत्तर द्या!